समुद्राकडची खिडकी

मित्रांनो, माझ्या भिंगात आता बुरशीची बारीक जाळी पसरली आहे. बटणे खाऱ्या पाण्याने गंजली आहेत. त्यातली काही तर कितीही दाबली तरी हलत नाहीत. तरीही मला कुणी टाकून दिलेले नाही. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, आणि माझे बहुतेक आयुष्य फिलिपाइन्समधली वादळे टिपण्यात गेले.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे भिंग बसवले, मऊ फडक्याने पुसले आणि मला डब्यात ठेवले. तो डबा उघडला थेट लेगास्पी शहरात, इसागानी ओल्बेसच्या घरी. इसागानी तेव्हा लग्नांचे आणि बाप्तिस्म्यांचे चित्रण करायचा. ते दिवस सुखाचे होते. नवरीच्या केसांत फुले खोचणाऱ्या मावश्या, भाजलेल्या अख्ख्या डुकराभोवती घिरट्या घालणारी मुले, चर्चच्या पायरीवर तोंड फिरवून डोळे पुसणारे नवरीचे वडील, असे सगळे मी पाहिले. लोक माझ्याकडे पाहून हसायचे. माझ्यापुढे कधी कुणी किंचाळले नव्हते.

मग एक लग्न वादळाने मोडले. मांडव उडाला, पाहुणे चर्चमध्ये शिरले, आणि इसागानी मात्र मला पोटाशी धरून दारात उभा राहिला. समोरचे नारळ वाकून जमिनीला टेकत होते. ते दृश्य आधी मनिलाच्या एका वाहिनीने दाखवले, मग परदेशातल्या वाहिन्यांनी मागून घेतले. त्यानंतर इसागानी लग्नांकडे फिरकला नाही. समुद्रावर वादळ उठले की लोक जिथून निघून जात, तिथे आम्ही जायचो. जीप चालवायला त्याचा लहानपणचा मित्र तेयो असायचा.

"सगळं जग वादळाकडे पाठ करून पळतं, आणि आपण तोंड करून," तेयो म्हणायचा. "देवानं तुला डोळे दिले, पण अक्कल वाटत होता तेव्हा तू रांगेत नव्हतास."

"आणि तू?"

"मी तुझ्याच मागे उभा होतो. मलाही मिळाली नाही."

मित्रांनो, मलाही ते आयुष्य आवडू लागले होते. एवढ्या वाऱ्यात याचे चित्र हलत कसे नाही, असे लोक म्हणत आणि मी मनातून फुगत असे. माझ्या चित्रांत लाटा असत, उडणारे पत्रे असत, मोडणारी झाडे असत. माणसे क्वचितच असत. माणसे आधीच सुरक्षित जागी गेलेली असतात, असे इसागानी म्हणे. मीही तसेच धरून चाललो होतो.

एका वर्षी आलेल्या वादळाचे नाव होते सिनाग. ते कातांदुआनेस बेटाच्या रोखाने येत होते. ते बेट समुद्रात असे पुढे आलेले आहे, की पॅसिफिकमधून आलेले वादळ पहिली धडक तिथेच देते. आम्ही जीपसकट बोटीने तिकडे गेलो आणि खाडीकाठच्या बालिनाद गावात उतरलो. गावात धांदल चालली होती. लोक छपरांवरून दोर टाकून जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधत होते. वाळत घातलेला अबाकाचा, म्हणजे तिकडच्या रानकेळीचा, वाख बायका भराभर गोळा करत होत्या.

समुद्राकडे तोंड असलेले दुमजली सिमेंटचे घर गावात एकच होते. ते फेलिसिदादचे. खाली तिची खानावळ, तिच्या मागे वडिलांची खोली, आणि वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली. त्या खोलीच्या खिडकीतून सगळी खाडी दिसायची. इसागानीने ती खिडकी पाहिली आणि त्याचा श्वास क्षणभर थांबला. मी त्याच्या छातीशी होतो, म्हणून मला ते कळले.

फेलिसिदाद पन्नाशीची विधवा होती, बोलायला फटकळ. तिकडे थोरल्या बहिणीला मानाय म्हणतात, आणि ती अख्ख्या गावाची मानाय होती.

"वादळ येतं तिथे तू येतोस म्हणे," ती इसागानीला म्हणाली. "वादळाचा जावई आहेस की काय? मानपान कुणी करायचा तुझा?"

"मानाय, नुसती खोली द्या. मानपान तुमच्या लाइंगनंच होईल."

लाइंग म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने. इसागानीने ती पुन्हा पुन्हा मागून घेतली, आणि मानाय खूश झाली.

तिच्या वडिलांना सगळे लोलो पास्यानो म्हणत. लोलो म्हणजे आजोबा. जन्मभर अबाका सोलून त्यांचे हात रापले होते. आता अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली होती. त्यांनी मला पाहिले आणि लेकीला फणी आणायला लावली.

"माझंही काढ की यात," ते म्हणाले. "पण डाव्या बाजूनं काढ. उजवी बाजू माझं ऐकत नाही."

मानायने त्यांचे पांढरे केस विंचरले. मी ते टिपले. लोलोंनी चेहरा इतका गंभीर केला, की तेयोला हसू आवरेना.

दुपारी इसागानी आणि तेयो किनाऱ्यावर गेले. समुद्र फुगल्यासारखा दिसत होता आणि लाटा सावकाश, जड येत होत्या. इसागानीने खाडीच्या तोंडापासून घरापर्यंत नजर फिरवली.

"वादळ भरतीच्या वेळी आलं, तर पाणी खाडीत कोंडणार," तो म्हणाला. "खालचा मजला बुडेल. वरच्या खिडकीतून असं चित्र मिळेल, की आजवर कुणाला मिळालं नसेल."

"आणि खालच्या मजल्यावरचे?"

"ते जातील रे टेकडीवरच्या शाळेत. सगळे जातातच."

आम्ही घरी परतलो तेव्हा गावाची प्रमुख दारात उभी होती. तिला सगळे कपिताना म्हणत. तिच्याबरोबर चार गडी होते आणि दोन बांबूंना बांधलेली एक खुर्ची होती.

"मानाय, ऊठ. लोलोला खुर्चीसकट उचलून शाळेत नेतो."

मानाय घुटमळली. "गेल्या खेपेला शाळेच्या ओल्या फरशीवर झोपून बाबांना महिनाभर खोकला होता. पुन्हा तिथे न्यायचं माझ्या जिवावर येतं गं."

"फरशी ओली असली तरी उंचावर आहे."

मानाय इसागानीकडे वळली. "तू एवढी वादळं पाहिलीस. तू सांग. हे घर टिकेल? नसेल टिकत तर मी आत्ता निघते. घराला कुलूप लावते आणि तुम्हीही चला आमच्याबरोबर."

मित्रांनो, इसागानीने आधी जिन्याकडे पाहिले. वर ती खिडकी होती. मग त्याने भिंतीवर थाप मारली.

"या भिंतींना वारा काही करणार नाही, मानाय. मी स्वतः इथेच राहतोय."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तेयोने त्याच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"ऐकलंस?" मानाय कपितानाला म्हणाली. "वादळाचा जावईच राहतोय म्हटल्यावर सासरा काय घर पाडणार आहे?"

गडी हसले. कपिताना हसली नाही. पण अजून पुष्कळ घरे फिरायची होती, म्हणून ती रिकामी खुर्ची घेऊन पुढे गेली.

सकाळी सिनाग आले. वाऱ्याचा आवाज असा होता, की जणू डोक्यावरून सारखे विमान जाते आहे आणि संपतच नाही. पत्रे कागदासारखे उडाले. घराच्या भिंती खरोखरच हलल्या नाहीत. इसागानीने मला खिडकीत घट्ट धरले होते. मग खाडीच्या तोंडाशी एक करडी रेघ दिसली. ती रेघ जवळ आली आणि तिचे पाणी झाले. होड्या, झाडे, कुणाचे तरी छप्पर पोटात घेऊन ते पाणी रस्त्यावरून चालत आले.

खालून मानायची हाक आली. "इसागानी! पाणी! बाबा आत आहेत!"

तेयो तत्क्षणी जिन्याकडे धावला. इसागानी खिडकीतच होता. एक भलीमोठी मासेमारीची नाव रस्त्यावरून आमच्याच दिशेने वाहत येत होती. "थोडं थांब," तो पुटपुटला. कुणाला म्हणाला, मला अजून कळलेले नाही. नाव कोपऱ्यावर आदळून फुटली. मी ते सगळे स्वच्छ टिपले. तेवढ्यात मानायची दुसरी हाक आली. त्या हाकेत शब्द नव्हते. तेव्हा त्याने मला तसेच चालू ठेवून कट्ट्यावर टाकले आणि खाली धाव घेतली.

मी एकटाच पडून समुद्राकडे पाहत राहिलो. मला पाठ फिरवता येत नाही. माझ्या मागे, खाली, तीन माणसे चौथ्यासाठी झगडत होती आणि मी पाण्याची सुंदर चित्रे काढत होतो.

लोलोंच्या खोलीचे दार पाण्याने दाबून धरले होते. ते तोडून त्यांनी लोलोंना वर आणले, पण तोवर त्यांच्या छातीत खारे पाणी शिरले होते. वारा ओसरला तरी रस्ता मोकळा नव्हता आणि डॉक्टर डोंगरापलीकडे होता. लोलोंचे डोके मानायच्या मांडीवर होते.

"फेलिसी," ते म्हणाले, "वारा होता ना? मग पाणी कुठून आलं गं?"

मानायने इसागानीकडे पाहिले नाही. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती. दुपार कलता कलता लोलो गेले.

ते चित्रण जगभर दाखवले गेले. इसागानीच्या धाडसाचे कौतुक झाले आणि माझ्या स्थिर चित्राचेही. फोन येत राहिले, पण तो उचलेना. एकदा तेयो येऊन बसला.

"पाणी येणार हे तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मलाही होतं. मी का गप्प बसलो, हे मी रोज स्वतःला विचारतो. तू विचारतोस का?"

इसागानीने ओल खेचून घेण्यासाठी मला तांदळाच्या डब्यात पुरले आणि नंतर तसेच कपाटात ठेवले. तिथे अंधारात माझ्या भिंगावर बुरशी चढू लागली. मला वाटे, बरे झाले, मला न दिसलेलेच बरे.

लोलोंच्या पहिल्या स्मृतिदिनाला इसागानीने मला बाहेर काढले आणि आम्ही बालिनादला गेलो. चर्चमधली प्रार्थना आटोपून मानाय चुलीपाशी बसली होती. चेहरा सुकला होता. तिने त्याला पाहून आपणच बोलायला सुरुवात केली.

"ये. तू तर विचारल्याचं उत्तर दिलंस. वाऱ्याचं विचारलं, वाऱ्याचं सांगितलंस. मीच करंटी. कपिताना खुर्ची घेऊन दारात आली होती आणि मी तिला हसून परत पाठवली. बापाला मी मारलं."

"नाही, मानाय." इसागानी जमिनीवरच बसला. "पाणी येणार हे मला ठाऊक होतं. आदल्या दुपारीच ठाऊक होतं. तुम्ही गेला असता तर कुलूप लागलं असतं, आणि मला ती खिडकी हवी होती."

चुलीवर काहीतरी करपत होते. मानायने ते उतरवले नाही.

"म्हणजे वर्षभर," ती हळू आवाजात म्हणाली, "जे पाप मी उरावर घेऊन झोपत होते, ते तुझं होतं? आणि तू ते मला वाहू दिलंस?"

तिने हातातला डाव फेकला. तो त्याच्या खांद्याला लागला. तो हलला नाही.

"माफी मागू नकोस. ती माझ्याकडे नाही."

"मागायला आलो नाही, मानाय."

शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवले. "बाबा आहेत का यात?"

तिने केस विंचरून घेणारे लोलो पाहिले. मग ते पाणीही पाहिले, आणि आपल्याच दोन्ही हाका ऐकल्या. त्या हाका वाहिन्यांनी कापून टाकल्या होत्या. इसागानीने त्या जपून ठेवल्या होत्या.

"हे लोकांना दाखव," ती म्हणाली. "माझी हाक कापू नकोस. तू बोलू मात्र नकोस. बोलेन मी."

तेव्हापासून वादळाची बातमी आली की आम्ही आधी खाडीकाठच्या गावांत जातो. तेयो बास्केटबॉलच्या मैदानावर जनरेटर लावतो, भिंतीवर चादर ताणतो, तिच्यावर ते चित्रण दिसते आणि मानाय बोलते. एका गावात एक खोताच्या थाटाचा गृहस्थ हात बांधून उभा होता.

"बाई, माझं घर सिमेंटचं आहे."

"माझंही होतं," मानाय म्हणाली. "अजून आहे. घराला काही झालं नाही, दादा. बाप गेला."

संध्याकाळी आईला पाठीवर घेऊन तो टेकडी चढताना दिसला.

आणि ते वादळ आलेच नाही. ते उत्तरेला वळले. सकाळी लख्ख ऊन पडले आणि लोक अंग आखडून, चिडून खाली उतरले. आमच्या कोंबड्या चोरीला गेल्या, आमची झोप मोडली, या खोटारड्यांना पुन्हा गावात घेऊ नका, असे जो तो ओरडत होता. सिमेंटच्या घराचा मालक सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. इसागानी मान खाली घालून मला पिशवीत भरू लागला.

मानाय हसत होती. वडील गेल्यानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

"मान वर कर रे," ती म्हणाली. "ऐक नीट. शिव्या द्यायला सगळेच्या सगळे खाली उतरलेत."

मित्रांनो, माझी काच आता पुसून स्वच्छ होणार नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्यावर भरवसा ठेवून कुणी काही विचारले, तर तुम्हाला ठाऊक असलेले सगळे सांगा. विचारले तेवढेच सांगून थांबू नका. त्या उत्तराने तुमची लाडकी खिडकी बंद होणार असली, तरीही सांगा.