मार्लिसचा ड्रायर

रविवारी चर्च सुटलं की निम्मं गाव वर्लिन हाउगेनच्या तळघरात उतरायचं. बाहेर अमेरिकेतल्या मिनेसोटाचा गोठवणारा फेब्रुवारी. खाली एकोणीस माणसं दाटीवाटीनं उभी, आणि सगळ्यांची तोंडं कपडे वाळवायच्या यंत्राकडे.

यंत्र वर्लिनच्या बायकोचं, मार्लिसचं. ती ऑक्टोबरात वारली. अंत्यविधीनंतर वर्लिननं आयुष्यात पहिल्यांदा त्यात स्वतःचे मोजे टाकले, दार लावलं, बटण दाबलं. ड्रायर ढिम्म. बंद दाराच्या फटीतून पिवळा उजेड मात्र येत राहिला. मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचं सोडून शेजारच्या आर्लीनकाकूंनी डेल्फीनबाईंना बोलावलं. बाई आत्म्यांशी बोलायच्या. त्याआधी पडदे विकायच्या.

"मार्लिस आत आहे," बाईंनी डोळे मिटून सांगितलं. "हा तिचाच प्रकाश. मी मिठी मारते. 'हो' असेल तर फिरेल, 'नाही' असेल तर गप्प बसेल."

आणि ड्रायर खरोखर फिरायचा! बाई त्याला कवटाळून बटण दाबायच्या, फटीतला उजेड विझायचा, आत घरघर सुरू व्हायची. मिठी सुटली की बंद. "दमली बिचारी," बाई म्हणायच्या. जिवंतपणी चर्चच्या सभेत कधी तोंड न उघडलेल्या मार्लिसनं गेल्या चार महिन्यांत बर्फ कधी वितळेल इथपासून गावातल्या ल्युंडांनी ट्रॅक्टरला कुठला रंग द्यावा इथपर्यंत मतं दिली होती.

त्याला सिग्रिडची हरकत नव्हती. वर्लिनची ही मुलगी डुलूथ शहरात शाळेत विज्ञान शिकवायची. पण जानेवारीत वर्लिननं विचारलं होतं, "मार्लिस, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करून घेऊ का गं?" ड्रायर गप्प बसला. वर्लिननं तारीख रद्द केली. आता मंगळवारी दुसरी तारीख होती, आणि तिसरीपर्यंत हृदय तग धरेलच असं गृहीत धरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

सिग्रिड शनिवारीच आली. बाबांचा डोळा लागल्यावर तिनं खाली जाऊन प्लग बघितला, फ्यूज बघितले. सगळं ठीक. मग ती ड्रायरचं दार उघडून फरशीवर बसली, आणि तिला आईची इतकी आठवण आली की अर्धा तास काही तपासताच आलं नाही.

रविवारी ती पुढे झाली. "आज मी विचारते."

"पोरी, मिठी मीच मारायची असते," डेल्फीनबाई म्हणाल्या.

"मी नुसतं बटण दाबते. आई, तुझं नाव मार्लिस होतं का?"

ड्रायर गप्प.

"रागावली असेल," आर्लीनकाकू पुटपुटल्या.

"स्वतःच्या नावावर?" मागून कुणीतरी विचारलं.

सिग्रिडनं मॅकरोनीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याची घडी दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या टोकावर चिकटवली आणि दार लावलं. उजेड विझला. तिनं एका बोटानं बटण दाबलं.

"आई, डेल्फीनबाई बदक आहेत का?"

घर्रर्र.

कुणी हसलं नाही. आमच्याकडे अशा वेळी लोक आपापल्या बुटांकडे बघतात.

"दार लागलं की हे टोक आतली कळ दाबतं," सिग्रिड म्हणाली. "कळ दबली की दिवा विझतो, मगच यंत्र चालतं. बिजागरी खचलीय, म्हणून टोक कळीपर्यंत पोचत नाही. दार बाहेरून रेटावं लागतं. मिठीत बाई कंबर रेटतात तेव्हा 'हो'. रेटत नाहीत तेव्हा 'नाही'."

"मला तशी आतून प्रेरणा होते," बाई कोट शोधत म्हणाल्या.

"बाबांच्या वेळी नाही झाली?"

बाईंना कोट सापडला.

"पण मार्लिस असताना तर चालायचा," वर्लिन म्हणाला. "रोज चालायचा."

आर्लीनकाकूंचा चेहरा उतरला. "वर्लिन, ती दाराला टेकून उभी असायची रे. कपडे वाळेपर्यंत. मी विचारलं, तर म्हणाली, कंबरेला ऊब मिळते."

यंत्र बिघडलंय हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दारावर कंबरेच्या उंचीला रंग घासून गेलेला होता. वर्लिननं तिथे हात ठेवला.

"म्हणजे ती मला 'नाही' म्हणाली नव्हती."

"आई काहीच म्हणाली नाही, बाबा. आई गेलीय."

हे वाक्य त्या घरात चार महिन्यांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"मग मी आता विचारू कुणाला?"

"ज्यांनी तुम्हाला तपासलंय त्यांना," सिग्रिड म्हणाली, आणि मग सगळ्यांकडे वळली. "तुम्हीसुद्धा. यंत्र चालत नसेल तर प्लग बघा, दार बघा. छातीत दुखलं तर दवाखान्यात जा. गेलेल्यांसाठी हवं तेवढं रडा. पण आपण जगायचं की नाही, हे त्यांना विचारू नका. त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर त्यांच्या वतीनं कुणीही बोलतं."

एकेक जण जिना चढून गेला. रिकामा ड्रायर फिरत होता. वर्लिन त्याच्या दाराला टेकून उभा राहिला.

"बाबा, आता टेकायची गरज नाही."

"माहितीय," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याला बराच वेळ लागला. "मंगळवारी किती वाजता पोचायचं?"