तलावाच्या तळातला देव

"उकळलं! पाणी उकळलं!"

राज्य उद्यानाच्या जुन्या तलावाकाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. कुणा राजाने खणून घेतलेला हा तलाव. मधोमध पाणी खळाखळा उसळत होतं. पायरीवर उभे असलेले जलमहाराज नावाचे बुवा हात उंचावून गर्जत होते, "आला! तळातला देव आला! सुई टोचून घेणाऱ्यावर तो रुसतो हं!"

रुसतो म्हणे! देव आहे की नवा जावई?

माझी वहिनी लेकीला तेच पाणी पाजत होती. पोरीला मधुमेह, इन्सुलिनवर जगणारी. वहिनीने इंजेक्शनं बंद केली होती. पोरगी धापा टाकत होती, डोळे मिटत होते.

"वहिनी, दवाखान्यात चल!"

"पाणी उकळतंय तोवर मी इथून हलायची नाही, वन्सं."

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात माझं ऐकतंय कोण? धावत उद्यानाच्या अधीक्षकांकडे गेले.

"मासे मरू नयेत म्हणून तळाशी हवेच्या नळ्या टाकल्यात," ते थंडपणे म्हणाले. "ऐतिहासिक शोभा बिघडू नये म्हणून पंप दगडी मंडपात लपवलाय. पाटीसुद्धा लावली नाही. महाराजांना पंपाची वेळ ठाऊक आहे. पण बाई, गर्दी वाढलीय, तिकिटं खपतायत, कशाला उगाच खोडा घालता?"

पोलिसांचं नाव काढल्यावर साहेब पंपापाशी गेले. फोनवर माझा शब्द ऐकून ते पंप चालू-बंद करणार होते. मी फोन कानाला लावून पायरीवर आले.

"थांब!" म्हटलं. बुडबुडे थांबले. "चल!" म्हटलं. पुन्हा उसळले. "थांब!"

"ही बाई अपवित्र आहे!" महाराज किंचाळले.

"तरी तुमचा देव माझंच ऐकतो की हो! देव कसला, मंडपात लपवलेला पंप आहे तो!"

लोक खदखदून हसले. सकाळी ज्यांनी पाय धरले होते, त्यांनीच महाराजांना पाण्यात ढकललं. महाराजांना पोहता येत नव्हतं. कुणी काठी पुढे करेना. शेवटी माळ्याने त्यांना दाढीला धरून ओढलं.

वहिनीने पोर माझ्या हातात दिली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काल का नाही आणलीत?" संध्याकाळी ती गेली. एवढीशी पोर, माझ्या डोळ्यांदेखत.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पंप बंद केलात ना, म्हणून देव रुसला."

तिच्याशी मी वाद घातला नाही. तुमच्याशी घालते. पाणी उसळलं तर खाली काय आहे ते विचारा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर विचारतही बसू नका. पोर उचला आणि डॉक्टरकडे पळा.