जंतांचा प्रोफेसर

एफ्राइन तितुआन्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. आपल्याला एकच विषय धड येतो, तो म्हणजे कृमी, हे तो स्वतःच हसत सांगायचा. पण येतो म्हणजे येतोच, असं मनातून पक्कं धरून चालायचा.

गावात जंतांच्या गोळ्या वाटायला नर्स एर्मेलिंदा आली, तेव्हा चौकात त्याचं भाषण ठेवलं होतं. तो रंगात आला. खारफुटीच्या चिखलात राहणारे काटेरी कृमी, झऱ्यातल्या जळवा, ओल्या लाकडाखालचे चपटे कृमी, उंच झाडावर पानांच्या बेचक्यातल्या कुजक्या मातीत सुखानं नांदणारी गांडुळं. उंच डोंगरावरच्या, कायम ढगांत बुडालेल्या जंगलातलं माणसाएवढं गांडूळ दाखवायला त्यानं दोन्ही हात पसरले, तेही पुरेनात.

"प्रोफेसर, आधी तुम्ही गोळी घ्या," एर्मेलिंदा म्हणाली. "तुमचं बघून लोक घेतील."

"मी? अहो बाई, मी त्यांना नावानिशी ओळखतो. ते कशाला माझ्या वाटेला जातील!"

लोक हसले. त्याला वाटलं, विनोदाला हसले.

पुढे महिनाभरात त्याच्या पोटात दुखू लागलं. "विद्वानांना ताण असतो," तो बायकोला म्हणाला.

"रानात माती उकरतोस, हात पँटला पुसतोस आणि त्याच हातानं फळं खातोस," सोइला म्हणाली. "तो कसला ताण रे?"

शेवटी तो दवाखान्यात गेला. तपासणीचा कागद बघून एर्मेलिंदानं ओठ घट्ट मिटले आणि भरल्या रांगेसमोर त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. त्यानं मुकाट गिळली.

दोन दिवसांनी संडासातून आरोळी आली, "सोइला! भिंग आण! लवकर!"

"मला वाटलं मेलास की काय!"

"अगं, वीतभर आहे! काय सुरेख नमुना!" मग तो खिन्न आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं मी डोंगर पालथे घातले. आणि हा माझ्याच पोटात बसून, माझंच जेवण जेवत होता."

सोइला हसत सुटली, इतकी की भिंतीला टेकून खाली बसली. मग त्यालाही हसू आवरेना.

शेजारच्या गावच्या सभेत त्यानं हे सगळं स्वतःच रंगवून सांगितलं, आरोळीसकट. आणि सगळ्यांआधी स्वतः गोळी घेतली.

"आणि तुमच्या बायकोनं?" एका आजीबाईनं विचारलं.

"तिनं चौकातच घेतली होती, आजी," तो म्हणाला. "माझं भाषण चालू असतानाच."