ब्रिजकडे सरकलेला पिकअप

उल्हास आखातात, उम्म अल कुवैनच्या एका जनरेटर वर्कशॉपमध्ये फोरमन होता. दुरुस्त झालेलं मशीन फुल लोडवर चालवून, पास करून बाहेर सोडायचं, हे त्याचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन जनरेटर एकदम धडधडत असायचे. कानात घालायला कंपनी काही देत नसे, आणि कुणी मागतही नसे.

शुक्रवार मात्र गिटारचा. रोल्लाच्या बाजारात रफिकचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं, की दुकानामागच्या गोडाऊनमध्ये बँड जमायचा. रफिक रत्नागिरीचा, बेस वाजवायचा. लग्नं, मराठी असोसिएशनचे कार्यक्रम तोच ठरवायचा. उल्हासची गिटार सगळे आवाजावरून ओळखत. तारांखाली बसवलेलं, त्यांचा सूर पकडून अँपकडे पाठवणारं चुंबक म्हणजे पिकअप; तो नेहमी गिटारच्या मानेजवळचा वापरायचा, दोन कॉइलचा. त्यातून निघणारा सूर गोल आणि भरलेला असायचा. गाणारे म्हणत, याच्या गिटारवर गळा टेकवून गाता येतं.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात त्याला तो सूर दबल्यासारखा वाटायला लागला, जणू अँपवर कुणीतरी गोधडी टाकली होती. त्याने तारा बदलल्या, केबल बदलली, अँप उघडून साफ केला. काही फरक पडेना. मग तो ब्रिजजवळच्या पिकअपवर वाजवू लागला.

"का पण?" मुलीने, दियाने विचारलं. ती बारा वर्षांची, मराठी समजायची, उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची.

"हे बघ, इथे मानेजवळ तार मोकळी हलते. म्हणून आवाज जाड येतो. तिकडे ब्रिजपाशी ती बांधलेली असते, जेमतेम थरथरते. तिथे आवाज बारीक आणि धारदार. तार तीच, पण पिकअपला फक्त त्याच्या समोरचा तुकडा ऐकू येतो."

"बट आय लाइक द ओल्ड वन."

"जुना मेलाय गं," उल्हास म्हणाला.

ब्रिजचा पिकअपही त्याला पुरेना. बर दुबईतून त्याने एका कॉइलचा, जास्त चकचकीत आवाजाचा पिकअप आणला. वर्कशॉपमधला ड्रिल घरी आणून गिटारच्या लाकडात ब्रिजला अगदी खेटून नवा खड्डा केला आणि तो तिथे बसवला. स्क्रू फिरवत फिरवत तारांच्या इतका जवळ आणला, की मधून नख जाईना. त्याची बायको अपर्णा चहा घेऊन आली तेव्हा फरशीभर भुसा पडला होता. तिने दोनदा हाक मारली. तो वाजवतच राहिला. तिने कप त्याच्यासमोर ठेवला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.

असोसिएशनच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात ते घडलं. पहिल्याच गाण्यात पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. गाणारी मुलगी वळून वळून बघू लागली. उल्हासने अँपवरचा ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, आणखी वाढवला. दुसऱ्या कडव्यात रफिकने वाजवता वाजवताच मागे जाऊन त्याच्या अँपचा आवाज शून्यावर आणला. उरलेला कार्यक्रम उल्हास बिनआवाजाची गिटार हातात घेऊन उभा होता.

"इज्जत काढलीस माझी," मागच्या खोलीत तो रफिकला म्हणाला.

"उल्हास, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजत होतं. आणि पिकअप एवढा वर घेतलायस की मॅग्नेट तार ओढतोय. सूर डगमगतोय. तुला जाणवत नाही?"

"काही डगमगत नाही."

पुढच्या शुक्रवारी बाकीचे यायच्या आधीच रफिकने उल्हासला बोलावून घेतलं. स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि गिटार स्वतः घेतली.

"मी एकच सूर दोनदा वाजवतो. कुठला मानेचा, कुठला ब्रिजचा, एवढंच सांग."

"पोरखेळ आहे काय?"

"सांग तर."

रफिकने वाजवलं. पिकअप बदलायचा स्विच खाली पाडला, पुन्हा वाजवलं.

"तू स्विच हलवलाच नाहीस," उल्हास म्हणाला.

उल्हास वळला. स्विच खाली होता आणि रफिकचे डोळे भरले होते.

"परत वाजव," उल्हास म्हणाला. या वेळी तो रफिककडे तोंड करून बसला. स्विच वर गेला, खाली आला. त्याला दोन्ही वेळा तोच दबका आवाज ऐकू आला.

अल मनखूलला कानाच्या डॉक्टरांनी तपासून आलेख दाखवला. रेघ डावीकडे ठीक होती, उजवीकडे दरीत पडावी तशी कोसळलेली. "बारीक, उंच आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. मशीनपासून लांब राहा, नाहीतर बाकीचेही जातील."

घरी आल्यावर अपर्णा म्हणाली, "मला वर्षभर कळत होतं. फोन वाजायचा, तुम्ही उठायचा नाहीत. वाटलं, दमता म्हणून."

"बोलली नाहीस."

"बोलून काय केलं असतं? नोकरी गेली की व्हिसा खलास. दियाची शाळा इथे."

त्याने तरीही मॅनेजरला आडून विचारलं, ऑफिसात काही जागा आहे का. मॅनेजर हसून म्हणाला, "क्यों, तबियत खराब है? मेडिकल में कुछ आया?" उल्हास म्हणाला, "नहीं नहीं, ऐसे ही," आणि शेडमध्ये परतला. रोल्लातून घेतलेले फोमचे बोळे तो कानात घालू लागला. पण लोडवर मशीन बिघडतंय का, हे त्याला कानांनीच ओळखायचं असे. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा ते काढावे लागत.

रफिकने नवा गिटारवाला घेतला. आधी घरी येऊन त्याने ते सांगितलं. "तू येत जा, बस आमच्यात," म्हणाला. उल्हास दोनदा गेला. नवा मुलगा छान वाजवत असावा. सगळे माना डोलवत होते. तिसऱ्या शुक्रवारी तो गेला नाही.

पुढे दिया कॉलेजसाठी पुण्याला गेली. रविवारी तिचा फोन येई. तिचा आवाज बारीक, आणि शब्द इंग्लिश. उल्हासच्या कानात नुसती शिट्टी असे, ती आता झोपेतही थांबत नव्हती. तो रिसीव्हर अपर्णाकडे देई. अपर्णा ऐके, हसे, डोळे पुसे, आणि फोन ठेवल्यावर त्याच्यासमोर बसून मोठ्याने सांगे, पण दर रविवारी आधीपेक्षा थोडं.

"काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली. जेवते नीट."

"एवढंच? इतका वेळ बोलत होतीस."

"एवढंच," अपर्णा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.