अंगठ्याएवढा प्रबंध

मोबाईलवरून भलत्याच नंबरला गेलेले पैसे कोणाचे? ह्या एका प्रश्नावर रोक्साना कायिसायाने ऐंशी पानं लिहिली, आणि ती काही उगाच नव्हे. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईचे, फेलिपाबाईंचे, पैसे असेच कुणा परक्याला गेले होते. फोन केला तर तो म्हणाला, "देवानं दिले, मावशी!" आईने रीतसर तक्रार केली. ती जी गेली ती गेलीच.

असल्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या, ला पास शहरातल्या सरकारी कार्यालयाला भारी हौस, की कायद्याच्या पोरांनी ह्यावर संशोधन करावं. दरवर्षी स्पर्धा ठेवायचे आणि माश्या मारत बसायचे. यंदा बक्षीस लावलं वर्षभराची नोकरी, तर एकेचाळीस प्रबंध आले. रोक्सानाला ती नोकरी हवीच होती. नाहीतर ओरुरोला मामाच्या दुकानात खिळे विकणं कपाळी होतं.

मुदत चोवीस जानेवारी, दुपारी बारा. ह्या शहाण्यांना दुसरा दिवस मिळाला नाही! त्या दिवशी अलासितासची जत्रा. वर्षभरात जे हवं ते इवलंसं विकत घ्यायचं, बाराच्या ठोक्याला भगताकडून त्याला धुरी द्यायची, की ते मोठं होऊन घरी येतं. आईने प्रबंधाचीही अंगठ्याएवढी प्रत छापून घेतली होती, ऐंशीच्या ऐंशी पानं, शिवणीसकट.

मायलेकींच्या पिशव्या सारख्या, वजन सारखं, आणि निघायच्या घाईत त्यांची अदलाबदल झाली. बाराला पाच कमी असताना रोक्सानाने कार्यालयाच्या खिडकीपाशी पिशवी उपडी केली, तर इवलं घर, इवला ट्रक आणि इवला प्रबंध!

"आई, मोठा कुठंय?" ती फोनवर किंचाळली.

"भगताकडं. दारू शिंपडली, पाकळ्या चिकटवल्या. काय गोड दिसतोय गं!"

खिडकीतल्या पेन्यारांदा साहेबांनी चिमट्याने पानं मोजली. "ऐंशी. नियमात बसतं."

"पण साहेब, हा केवढासा..."

"आकाराबद्दल नियमात अवाक्षर नाही." शिक्का प्रबंधाहून मोठा निघाला, तेव्हा त्यांनी खिशातून सकाळीच जत्रेत घेतलेला इवला शिक्का काढून ठोकला.

आणि पहिला नंबर तिचाच आला! परीक्षकांनी अक्षरन् अक्षर वाचलेला हा एकच प्रबंध. भिंगातून वाचताना पानं गाळता येत नाहीत म्हणे.

नेमणुकीचं पत्र नखाएवढं होतं. रोक्साना तणतणत कार्यालयात गेली.

"साहेब, ही नोकरी आहे की थट्टा?"

"प्रबंधाच्या मापाची नोकरी," पेन्यारांदा अभिमानाने म्हणाले. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी काडेपेटीएवढं टेबल मांडून ठेवलं होतं, खुर्चीसकट.

तिला रडूच कोसळणार होतं. मग ओरुरोचे खिळे आठवले.

"नियमावली आणा. नोकरीच्या आकाराबद्दल काय म्हटलंय?"

साहेबांनी भिंग लावून सगळी पानं पालथी घातली. "अवाक्षर नाही," ते पुटपुटले.

"मग सरका."

ते उठले आणि ती त्यांच्या खुर्चीत बसली. समोर तक्रारींचा हातभर उंच ढीग होता. तिने तो तळापासून उपसायला घेतला. तळाशी मळकी तक्रार, सही फेलिपा कायिसाया, वर 'विचाराधीन'चे तीन शिक्के. 

"ते भिंग द्या इकडं," ती म्हणाली.

"अहो, अक्षरं चांगली मोठी आहेत की!"

"असू देत," म्हणत तिने भिंग लावलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं.