देवबागातला निळा टोप

मी एक जुना टोप आहे. बिडाचा, जड, बाहेरून निळा आणि आतून पांढरा. पांढरा म्हणजे एके काळी पांढरा. आता माझ्या पोटात कांदे ठेवतात आणि मी देवबागातल्या एका घराच्या माळ्यावर गप बसून असतो. एका बाजूने समुद्राचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूने खाडीवरच्या होड्यांचा. मित्रांनो, माळ्यावर टाकलेल्या भांड्याला दुसरं काम नसतं, म्हणून ते आठवत बसतं. तुम्हाला थोडी सवड असेल तर ऐका.

माझा जन्म नॉर्वे नावाच्या थंड देशातला. तिथल्या कारखान्यात वितळलेलं बीड साच्यात ओतून मला घडवलं आणि वर काचेसारखा गुळगुळीत थर चढवला. तिथून मी बर्गन या बंदराच्या गावात, आर्ने नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घरी गेलो. आर्ने मालवाहू जहाजावर मुख्य आचारी होता. त्याच्या हाताखाली सुदेश नावाचा देवबागचा तरुण काम करायचा. एकदा जहाज बर्गनला लागलं, तेव्हा आर्नेने सुदेशला घरी जेवायला बोलावलं.

त्या संध्याकाळी माझ्यात माशांचं सूप होतं. पांढरा मासा, बटाटे, गाजरं, वरून शेपू आणि भरपूर दूध. आर्नेची नातवंडं टेबलाभोवती बसली होती. प्रत्येकाने आपल्या हाताने वाढून घेतलं. नवा पदार्थ असेल तर त्याचा एक घास खायचा, तेवढा नियम. मग आवडलं तर अजून घ्या, नाही आवडलं तर कुणी का म्हणून विचारणार नाही. ओरडणं नाही, बागुलबुवा नाही, मुलाचं नाक दाबून घास कोंबणं नाही. सुदेश स्वतः जेवायचं विसरून त्या मुलांकडेच बघत राहिला. कारण त्याची चार वर्षांची रिया गावी भात आणि दूध सोडून कशालाच तोंड लावत नव्हती.

सन दोन हजार एकमध्ये सुदेश नोकरी सोडून कायमचा घरी निघाला, तेव्हा आर्नेने मला त्याच्या हातात दिलं. माझ्या वजनापायी त्याच्या बॅगेत कपड्यांना जागाच उरली नाही. घरी येऊन त्याने बॅग उघडली तर त्याची बायको सत्यवती म्हणाली, "लोका सोना घेवन येतत आणि तुम्ही टोप घेवन इलात?" पण ती हसत होती.

त्या घरात चार माणसं. सुदेश, सत्यवती, छोटी रिया आणि सुदेशचे वडील लवू. रिया त्यांना आजो म्हणायची. आजोचं सगळं आयुष्य मासेमारीत गेलेलं. अशा घरातली पोर मासा खात नाही म्हणजे केवढी नामुष्की! रियाला तांबडं काहीही चालत नसे. ताटात माशाची आमटी दिसली की ती ओठ घट्ट मिटायची. शेजारणी सत्यवतीला टोमणे मारायच्या की तूच लाडावून ठेवलीस. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि चुलीपुढे बसून डोळे पुसायची. मी ते रोज बघत होतो.

पहिल्याच आठवड्यात सुदेशने आर्नेकडे शिकलेलं सूप माझ्यात केलं. सगळ्यांना एकत्र बसायला सांगितलं. ही गोष्टच त्या घराला नवी होती, कारण तिथे आधी आजो जेवायचा, मग सुदेश, आणि बाई माणूस सगळ्यांच्या शेवटी गार झालेलं खायची. आजो कुरकुरत पाटावर बसला. त्याने माझ्यात वाकून बघितलं.

"ह्यात काय घातलंस?"

"दूध," सुदेश म्हणाला.

आजो उठलाच. "माशात दूध? पोराक कोड येतला. ओत ता भायर."

"बाबा, थंय सगळे असाच खातत."

"थंयची माणसा आधीच पांढरी. तेंका कोड इला तरी कोणाक कळतला?"

आमच्या किनाऱ्यावर मासा आणि दूध एकत्र खायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सुदेशलाही ठाऊक होतं, पण इतकी वर्षं जहाजावर राहून तो ते विसरून बसला होता. सगळं सूप माडाच्या बुंध्याशी गेलं. त्या दिवशी मला वाटलं, संपलं आता, इथे आपली डाळ शिजायची नाही.

मला वाचवलं ते सत्यवतीने. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दूध नको तर नारळाचो रस घालूया." इतकी साधी गोष्ट नवऱ्याला सुचली नव्हती. तिने नारळ खवला, रस पिळला, सरंगा माशाचे तुकडे केले आणि मालवणच्या बाजारातून आणलेला शेपू बारीक चिरून वर घातला. सूप पांढरं शुभ्र झालं. सोबत नाचणीची पातळ, कडक भाकरी केली, कारण आर्नेकडे तसलीच कुरकुरीत भाकरी होती.

सगळे पुन्हा बसले. सुदेशने नियम सांगितला. रिया जागची हलली नाही. ती म्हणाली, "आदी आजो खांवदे."

आता आला का पेच! म्हाताऱ्याने जन्मात तिखट आमटीशिवाय काही खाल्लं नव्हतं. पण नात टक लावून बघत होती. त्याने डावाने वाढून घेतलं, एक घास खाल्ला, बराच वेळ चघळला.

"तिकाट नाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण वायट पण नाय." आणि त्याने पुन्हा माझ्यात डाव घातला.

रियाने ताटली पुढे केली आणि फक्त एक बटाटा घेतला. मित्रांनो, तो एक बटाटा म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान होता. पुढच्या खेपेला तिने माशाचा तुकडा घेतला.

मग दर बुधवारी हे जेवण ठरूनच गेलं. आर्नेकडे ते शनिवारी व्हायचं, पण आमच्याकडे शनिवारी मासा शिजत नाही. मे महिन्यात करवंदांचा आंबटगोड ठेचा व्हायचा, थंडीत बीटाची कोशिंबीर. तांबड्याला घाबरणाऱ्या रियाने एका बुधवारी बीटाची फोड उचलली, आजोकडे बघितलं, आजोनेही एक उचलली आणि दोघांनी एकदम तोंडात टाकली. दोघांचेही ओठ रंगले. सत्यवती त्या दिवशी पोटभर आणि गरमगरम जेवली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ते सुख तिला क्वचितच मिळालं होतं. शेपू मात्र आजोला कधीच आवडला नाही. तो भाकरीखाली लपवायचा आणि रिया भाकरी उचलून त्याला पकडायची.

"आजो, एक घास तरी खा."

"खाल्लंय मगाशी."

"खोटा."

अशी ती माझी चांगली वर्षं. ती फार वर्षं टिकली नाहीत.

देवबागात पर्यटक यायला लागले. सुदेशने घराला दोन खोल्या काढल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. एका संध्याकाळी पुण्याच्या एका कुटुंबाने आमचं बुधवारचं सूप चाखलं. त्यांचा मुलगाही खाण्याच्या बाबतीत हट्टी होता, पण रियाकडे बघून त्याने खाल्लं. त्याच्या आईला केवढा आनंद झाला! तिने माझा फोटो काढला. पुढच्या मोसमात लोक मला विचारत येऊ लागले. नॉर्वेचं जेवण, तेही देवबागात, आणि मुलं हमखास खातात म्हणे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव घालून टेबलं मांडली. मी आता रोज चुलीवरून खळ्यात आणि खळ्यातून चुलीवर जाऊ लागलो. खरं सांगतो, कौतुक कुणाला नको असतं? मलाही छातीवर फुलं लावल्यासारखं वाटायचं.

पण बुधवार गेला. आधी तो गुरुवारवर ढकलला गेला, मग गुरुवारी आजोचा उपास म्हणून आणखी पुढे, आणि मग कुणी त्याचं नावच काढेना. घरची माणसं पाहुण्यांनंतर, जमेल तशी, जमेल तिथे उभ्याउभ्या खाऊ लागली. रिया रोज खळ्यात पाहुण्यांच्या मुलांसोबत बसायची. ती पहिला घास घ्यायची, मुलं तिचं बघून खायची, आयाबाया वाहवा करायच्या. एकदा ती आईला म्हणाली, "आये, माका ह्या आता आवडत नाय. रोज रोज पयलो घास कसो खावचो?" सत्यवती गरम तव्याशी होती. ती म्हणाली, "मोसम सरांदे गो बाय."

दोन हजार सातच्या पावसाळ्यात आजोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. मागच्या खोलीत त्याची खाट टाकली. पेज नको, मऊ भात नको, औषध नको. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी जायला हवं. सुदेशने हात जोडले तरी म्हातारा तोंड उघडेना. मग रियाने माझ्यातलं सूप वाटीत घेतलं, त्याच्या खाटेवर बसली, आधी स्वतः एक घास खाल्ला आणि दुसरा त्याच्यापुढे धरला. आजोने तोंड उघडलं.

पावसाळ्यात पाहुणे नसतात. त्यामुळे ते महिने रिया रोज त्याच्याजवळ बसली. एक घास नातीचा, एक घास आजोचा. म्हाताऱ्याच्या गालावर पुन्हा जरा मांस दिसू लागलं. शेपू तो आताही जिभेने बाहेर ढकलायचा.

मग मोसम सुरू झाला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरून गेलं होतं. मी रिकामा झालो की मला भरायचं, भरलो की खळ्यात न्यायचं, असं चाललं होतं. रिया मागच्या खोलीकडे निघाली की सुदेश तिला बोलवायचा. "पाव्हण्यांच्या पोरांवांगडा बस गो. ती तुझ्याकडे बघून खातत." सत्यवती स्वतः आजोकडे वाटी घेऊन जायची. वाटी तशीच परत यायची. पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशीही आली.

"काय म्हणतत?" सुदेशने कांदा चिरताचिरता विचारलं.

"रियाक येवंदे म्हणतत. ती इली की खातलंय म्हणतत."

सुदेशचा हात थांबला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. बापासाठी खोलीला लागून संडास बांधायचा, खाटेशेजारी मोठी खिडकी पाडायची, हे सगळं त्याच्या मनात होतं. त्यासाठीच तर तो राबत होता. तो म्हणाला, "आणि दोन दिवस. पाव्हणे गेले की सगळी एकत्र बसूया. बाबांची खाटच खळ्यात हाडूया."

सत्यवतीने मान हलवली आणि मला खळ्यात नेलं. त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या एका लहान मुलीने आयुष्यात पहिल्यांदा मासा खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज मागच्या खोलीपर्यंत नक्की गेला असणार, ती काही लांब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजो उठला नाही. खाटेशेजारी वाटी होती. सुपावर साय धरली होती.

त्यानंतर घरात बरेच दिवस मासा शिजला नाही. माणसं आली, रडली, गेली. पाहुण्यांना सुदेशने नको म्हणून कळवलं. मी चुलीमागे पालथा होतो. मग सुतक सरलं, आणि एका बुधवारी सुदेशने मला पुन्हा चुलीवर चढवलं. त्याने कुणाची मदत घेतली नाही. नारळही स्वतःच खवला. खळ्यातली टेबलं रिकामी होती. त्याने आत पाट मांडले आणि रियाला हाक मारली.

ती आली नाही. ती मागच्या खोलीत, आजोच्या रिकाम्या खाटेपाशी जमिनीवर बसली होती. सुदेशने दारातून ते बघितलं. मग त्याने फडक्याने मला उचललं आणि तिच्यासमोर नेऊन ठेवलं. सत्यवती ताटल्या घेऊन आली. तिघे माझ्याभोवती बसले. सुदेशने स्वतःला वाढलं, एक घास खाल्ला आणि लेकीकडे बघितलं.

रियाने ताटली पुढे केली नाही.

"भूक नाय?" सत्यवतीने विचारलं.

रिया बापाकडे बघत होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, आजो थांबललो."

"माका म्हायत आसा," सुदेश म्हणाला.

"रोज थांबललो."

सुदेशने ताटली खाली ठेवली. खायचा आग्रह करायचा नाही, हा नियम त्यानेच त्या घरात आणला होता आणि तो त्याने पाळला. कुणीच काही खाल्लं नाही. मी त्या तिघांच्या मधे गार होत गेलो. माझ्यासारखं बीड एकदा तापलं की लवकर गार होत नाही, त्यामुळे त्यांना फार वेळ तसंच बसावं लागलं.

रिया पुढे जेवू लागली. पोरच ती, किती दिवस उपाशी राहील? भात खाते, आमटी खाते, तांबडंसुद्धा खाते. आता ती मोठ्या शाळेत जाते. पण माझ्यातलं सूप तिने त्यानंतर कधी खाल्लं नाही, आणि सुदेशनेही ते पुन्हा केलं नाही. पाहुणे अजून येतात. माझ्याबद्दल विचारतात. सत्यवती सांगते, टोप तडकला. मी तडकलेलो नाही, मित्रांनो. वरचा थर दोन ठिकाणी उडालाय इतकंच.

माझी आत्मकथा इथवर आली. जुनी भांडी शेवटी सांगतात की आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मी ते मागणार नाही. माळ्यावर मी ठीक आहे, कांदेही चांगले राहतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी पाहुणे येतील, तेव्हा त्यांना भरभरून वाढा, त्यांच्या मुलांना नवंनवं खायला शिकवा. पण चुलीवरून भांडं उचलण्याआधी एकदा मागच्या खोलीत डोकावा. तिथे कुणी तुमच्यासाठी जेवायचं थांबलं असेल, तर त्याच्याजवळ आधी बसा.