पोस्टरवरची नवरी

पोस्टरवरची नवरी मीच निवडली होती, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती. आमच्या संग्रहालयाचा पुराभिलेख विभाग म्हणजे एकटी मी, म्हणजे पद्मजा, आणि एक स्कॅनर.

कोल्हापुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद पडला आणि मालकाच्या नातवाने काचेच्या निगेटिव्हच्या अकरा पेट्या आम्हाला देऊन टाकल्या. कागदी पाकिटांना बुरशी लागली होती. म्हणून मी काचा बाहेर काढल्या, दोन्हींवर एकच क्रमांक घातला आणि पाकिटं वेगळ्या खोक्यात ठेवली. ती सवडीने वाचू म्हटलं. साहेबांना मात्र प्रदर्शनाची घाई. ‘यांना ओळखता का?’ असं नाव. अनोळखी चेहरे आम्ही दाखवायचे, नावं लोकांनी सांगायची. कल्पना चांगली होती, अजूनही म्हणते.

दोनशे सतरा नंबरच्या काचेवर एक तरुण बाई भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती. कपाळावर विभूती, त्यावर फुलांची पट्टी, छातीवर हार, पापण्या मिटलेल्या. गळ्यापाशी पेन्सिलचं बारीक काम होतं. त्या काळी फोटोग्राफर नको ते डाग काचेवर पेन्सिल फिरवूनच घालवायचे. मी त्या हाताचं कौतुक केलं आणि खाली लिहिलं, ‘लाजरी नववधू, अंदाजे १९६०’. वर भिंतीतली खुंटी आणि तिला बांधलेलं फडकं वाईट दिसत होतं, ते पोस्टरमधून कापलं. शहरभर पोस्टरं लागली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, हातात डब्याची पिशवी. पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. तोच चेहरा म्हातारा होऊन स्वतःकडे बघत होता.

“मी नीलम्मा. ईरप्पा मगदूमांची लेक,” त्या म्हणाल्या. “ही माजी अव्वा हाय, आई.”

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

“मी तीन वर्सांची हुते. आप्पा सांगायचं, ती बेळगावाकडं एकाचा हात धरून गेली, लगीन लावून बसली. मामाच्या गावाला कवा पाऊल टाकू दिलं न्हाय. आयुष्यभर शिव्या घातल्या मी तिला. आप्पाच्या लग्नात फोटूच काढला नव्हता. मंजी ही दुसऱ्याची नवरी. आप्पा खरंच बोललं की.”

“आप्पा आहेत अजून?”

“हायती की. नव्वदीला आल्यात, खाटंवर असत्यात. मीच भरवते. बाई, तो नवरा कुटं हाय? त्याचं तोंड दावा मला.”

“बाजूला कुणी नाही. पूर्ण फोटो दाखवते, या.”

मी स्क्रीनवर न कापलेला फोटो उघडला. नीलम्मांचं बोट हळूहळू वर सरकलं आणि खुंटीवर थांबलं.

“ह्ये का कापलंसा?”

“वाईट दिसत होतं.”

“आमच्यात मेलेल्या माणसाला असं बसवत्यात, बाई. मान पडू नये म्हणून डोक्याला फडकं गुंडाळून खुंटीला बांधत्यात. वरनं फुलं. मग तसंच बसवून मातीत ठेवत्यात.” आवाज जराही हलला नाही. “ही नवरी न्हाय.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शरमेच्याही आधी भीती वाटली, कारण मला ती पेन्सिल आठवली होती. खोकं उघडून दोनशे सतराचं पाकीट काढलं. दुसऱ्या ओळीशी माझी जीभ अडखळली.

“वाचा की,” नीलम्मा म्हणाल्या.

मी वाचलं. “१४ मे १९६१. गिऱ्हाईक ईरप्पा मगदूम. मयताचा फोटो. एक प्रत, सासुरवाडीला पाठवणे. गळ्यावर पेन्सिल मारणे, वळ दिसू नये.”

त्यांनी काच मागितली. मी ती उजेडाच्या टेबलावर तिरकी धरली. पेन्सिलच्या रेघा चमकल्या. या कानाखालून त्या कानाखालपर्यंत, दोरीएवढ्या रुंदीचा पट्टा. आम्ही दोघींनी तो पाहिला.

“मला एक फोटू द्या. मोठा. वरचं काय कापू नगा.”

नीलम्मांना थांबवावं, निदान बसवून पाणी द्यावं, असं वाटत होतं. पण त्यांच्या अव्वाची नवरी मीच केली होती, कुठल्या तोंडाने थांबवणार? मी प्रिंट काढली आणि पुठ्ठ्यात घालून दिली. त्यांनी ती डब्याच्या पिशवीत नीट उभी ठेवली.

“येते. आप्पांच्या जेवणाची येळ झाली.”

“हा फोटो घरी कुठे ठेवणार?” न राहवून मी विचारलं.

“आप्पांच्या खाटंसमोर,” त्या म्हणाल्या. “भिंतीला खुंटी हाय तितं.”